शहरांना वळसा : अमेरिकेच्या आडरस्त्यांची गोष्ट



आपल्या इंदुरातल्या मराठी घरांत अमेरिकेचा प्रवास आता नवलाचा राहिलेला नाही. लेक किंवा मुलगा तिकडे असतो, आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी जातात, नायगारा पाहतात आणि परत आल्यावर चार घरी चॉकलेटे वाटतात. अलीकडे त्यात एका नव्या हौसेची भर पडली आहे. तिकडे 'आर.व्ही.' नावाची गाडी भाड्याने मिळते. गाडी कसली, चाकांवरचे बिऱ्हाडच ते : आत शेगडी, फ्रीज, झोपायची सोय, न्हाणीघर, शौचकूप, सगळे. ते घेऊन पंधरा दिवस, महिनाभर देश हिंडायचा. आणि अशी गाडी घेणाऱ्या पुष्कळांची पहिली अट एकच असते : मोठी शहरे नकोत.

ती अट मीही घातली होती. दोन वर्षांपूर्वी आमची कन्या, जावई, सौ. आणि मी असे चौघे मिशिगन राज्यातून निघालो आणि मोठ्या शहरांना वळसा घालीत प्रशांत महासागराच्या बाजूला पोहोचलो. त्या प्रवासाचे वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. मार्ग आखताना नकाशा पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा एक प्रश्न पडला : एवढ्या अवाढव्य देशात शहर टाळून आडवे जाता येईल असे रस्ते आले कोठून? दुसरा प्रश्न प्रवासात पडला, तो सौ.मुळे. त्याकडे शेवटी येईन. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती लागला, तो आधी आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात आपल्याच एका ग्रंथापासून करू. पंडिता रमाबाई १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला. पुढे १८८८च्या अखेरीपर्यंत त्या व्याख्याने देत त्या देशात फिरल्या आणि १८८९ साली त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रमाबाईंनी पाहिलेली अमेरिका ही आगगाडीची अमेरिका होती. १८६९ साली दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला होता आणि लांबचा प्रवास म्हणजे रेल्वे, हे समीकरण पक्के झाले होते. रेल्वेच्या प्रवाशाला शहर टाळता येत नाही. गाडी बदलायची ती शिकागोसारख्या शहरात, मुक्काम करायचा तो स्टेशनाजवळच्या हॉटेलात. शहराबाहेरचा रस्ता असे त्या काळी स्वतंत्र काही नव्हतेच. शेतकऱ्याचे धान्य जवळच्या स्टेशनापर्यंत नेणारी चाकोरी, एवढाच रस्त्याचा अर्थ. पाऊस पडला की तीत गुडघाभर चिखल.

या चाकोऱ्यांवरून मोटारीने देश ओलांडणारा पहिला माणूस व्हर्माँट राज्याचा एक डॉक्टर, होरेशियो नेल्सन जॅक्सन. १९०३च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात त्याने ५० डॉलरची पैज लावली आणि सूअल क्रॉकर नावाच्या मेकॅनिकला बरोबर घेऊन विंटन कंपनीच्या मोटारीतून निघाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याने केलेली पहिली गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : त्याने सरळ रस्ता सोडला. दोन वर्षांपूर्वी खुद्द अलेक्झांडर विंटन यांची मोटार नेवाडाच्या वाळूत रुतून बसली होती. म्हणून जॅक्सन आधी उत्तरेला ऑरेगनमध्ये गेला आणि तेथून आयडाहोमार्गे पूर्वेला वळला. आयडाहोत त्याने बड नावाचा एक कुत्रा घेतला आणि धूळ उडते म्हणून त्यालाही चष्मा घातला. वाटेत एका बाईने त्यांना मुद्दाम चुकीचा रस्ता दाखवला, कारण तिच्या घरच्यांनी कधी मोटार पाहिली नव्हती! ६३ दिवसांनी ही मंडळी न्यूयॉर्कला पोहोचली. पैज ५० डॉलरची आणि खर्च सुमारे ८,००० डॉलर. लांबच्या मोटारप्रवासाची आखणी म्हणजे आधी काय टाळायचे ते ठरवणे, हा धडा या पहिल्याच प्रवासाने घालून दिला.

दहा वर्षांनी, १९१३ साली, कार्ल फिशर आणि पॅकार्ड मोटार कंपनीचे हेन्री जॉय यांच्या पुढाकाराने 'लिंकन हायवे' जाहीर झाला : न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंकन पार्कपर्यंत, ३,३८९ मैल. हा रस्ता मुख्यतः कागदावरचा होता. आधीच्या गाडीवाटा जोडून त्यावर नाव लावलेले. पण त्याची रेघ पाहिली की मौज वाटते. मध्य अमेरिकेतले सर्वांत मोठे शहर शिकागो, आणि हा रस्ता त्याच्या पोटात न शिरता दक्षिणेकडून शिकागो हाइट्स आणि जोलिएटवरून निघून जातो. रेल्वेने ज्या शहरात सगळा देश ओढून आणला होता, त्याला मोटारीच्या रस्त्याने पहिल्याच पिढीत वळसा घातला.

या रस्त्याची खरी परीक्षा १९१९ साली लष्कराने घेतली. ७ जुलैला वॉशिंग्टनहून सुमारे ऐंशी वाहनांचा तांडा निघाला, तो ६ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला. लाकडी पूल मोडले, ट्रक चिखलात रुतले, ताशी पाच-सहा मैलांची चाल. मजल दरमजल करणारी आपल्याकडची फौजही फार मागे राहिली नसती. या तांड्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण लेफ्टनंट कर्नल होता. हे नाव ध्यानात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

आता नकाशा वाचायचा कसा, ते सांगतो, कारण आपल्यापैकी ज्यांना असा मार्ग आखायचा असेल त्यांना ते उपयोगी पडेल. १९२६च्या नोव्हेंबरात देशभरच्या रस्त्यांना क्रमांक दिले गेले. पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम आकडे, उत्तर-दक्षिण रस्त्यांना विषम. सम आकडे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात, म्हणून २ क्रमांकाचा रस्ता कॅनडाच्या सरहद्दीला खेटून आहे आणि ९० क्रमांकाचा पार खाली फ्लोरिडा-टेक्साससारख्या राज्यांत. हे 'यू.एस.' रस्ते गावांच्या मुख्य पेठेतून जात. त्यांना गाव टाळायचे नव्हते. शेतकरी, दुकानदार आणि प्रवासी यांची गाठ घालून देणे हेच त्यांचे काम होते.

याच काळात चाकांवरच्या बिऱ्हाडाचा जन्म झाला. १९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा येथे 'टिन कॅन टुरिस्ट्स' नावाचा संघ निघाला. सूपचा रिकामा डबा गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर बसवायचा, ही त्यांची खूण. मोटारीच्या मागे राहुटी बांधून हिंडणाऱ्या या लोकांसाठी गावोगावच्या नगरपालिकांनी फुकट तळ उघडले, कारण उतरलेला माणूस पेठेत चार पैसे खर्च करी. पुढे चारदोन वर्षांतच पुष्कळ गावांनी तळावर भाडे लावले. भाड्याचे एक कारण उघड होते, देखभालीचा खर्च. दुसरे तितकेच खरे : फुकट म्हटले की गरीब, कामाच्या शोधात भटकणारी, 'नको असलेली' माणसेही येत. रस्ता सर्वांचा झाला खरा, पण उतरायची जागा कोणाला द्यायची हा निवडीचा अधिकार गावाने आपल्याकडेच ठेवला. हा धागा पुढे लागणार आहे.

दुसरे महायुद्ध संपले. तो १९१९चा लेफ्टनंट कर्नल आता राष्ट्राध्यक्ष होता. जर्मनीतले प्रशस्त मोटाररस्ते त्यांनी युद्धात पाहिले होते आणि आपला चिखलही ते विसरले नव्हते. २९ जून १९५६ रोजी त्यांनी त्या प्रसिद्ध महामार्ग कायद्यावर सही केली : ४१,००० मैलांचे 'इंटरस्टेट' महामार्ग, खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारचा. आयझेनहॉवर यांच्या मनात होते ते शहराशहरांना जोडणारे, पण शहराबाहेरून जाणारे रस्ते. प्रत्यक्षात महामार्ग शहरांच्या पोटात शिरले, आणि ते कळले तेव्हा बांधकाम पुष्कळ पुढे गेले होते.

शहरात शिरायचे तर जागा लागते. ती कोणाची घेतली गेली, याची यादी वाचण्यासारखी आहे. सेंट पॉलमध्ये रोंडो, मायामीत ओव्हरटाउन, डेट्रॉइटमध्ये ब्लॅक बॉटम, न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेबोर्न अॅव्हेन्यू. या सगळ्या कृष्णवर्णीयांच्या नांदत्या वस्त्या होत्या. क्लेबोर्नला रस्त्याच्या मधोमध ओकच्या जुन्या झाडांची रांग होती आणि तिच्या सावलीत लोकांचे सणवार होत. झाडे तोडली गेली आणि त्यांच्या जागी उन्नत महामार्गाचे खांब आले.

दुसरीकडे नव्या रस्त्याने लहान गावांना टाळले. पूर्वी प्रत्येक गावाच्या पेठेतून जाणारा प्रवासी आता मैलभर लांबून ताशी ७० मैलांनी निघून जाऊ लागला. शिकागो ते लॉस एंजल्स हा ६६ क्रमांकाचा रस्ता याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. त्यावरचे शेवटचे गाव, अॅरिझोनातले विल्यम्स, १९८४च्या ऑक्टोबरात नव्या महामार्गाने वगळले आणि दुसऱ्याच वर्षी त्या रस्त्याचा क्रमांकच अधिकृत यादीतून गेला. पेट्रोलपंप बंद, खाणावळ बंद, हॉटेलाची पाटी अर्धी विझलेली.

येथे एक विरोधाभास दिसेल. आज आर.व्ही. घेऊन 'मोठी शहरे नकोत' म्हणणारा प्रवासी ज्या शांत रस्त्यांवर रमतो, त्यांची शांतता त्या गावांच्या ओसरलेल्या व्यापारातून आलेली आहे. आणि ज्या शहरांच्या गर्दीला तो कंटाळतो, त्यांच्या पोटातून रस्ता काढताना तिथल्या माणसांना विचारले गेले नव्हते.

तरीही या आडरस्त्यांवर माणसे मुद्दाम गेली, आणि त्यातल्या दोघांनी अशा प्रवासाची रीतच घालून दिली. जॉन स्टाइनबेक १९६०च्या सप्टेंबरात निघाले, वय ५८. ट्रकवर बसवलेल्या छोट्या घराला त्यांनी डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले, रोसिनांते. सोबतीला चार्ली नावाचा पूडल कुत्रा. मोठे महामार्ग आणि मोठी शहरे यांचा त्यांना धसका होता. पण त्याच प्रवासात ते न्यू ऑर्लिन्सला मात्र ठरवून गेले. तेथे रुबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी गोऱ्यांच्या शाळेत एकटी जात होती आणि रोज सकाळी फाटकाशी जमलेल्या बायका तिला शिव्या देत होत्या. ते दृश्य पाहून आल्यावर स्टाइनबेकच्या पुस्तकाचा सूर बदलतो. प्रवासातली मौज संपते आणि घरी परतण्याची घाई सुरू होते. शेवटी न्यूयॉर्कमध्ये, म्हणजे आपल्याच शहरात, ते रस्ता चुकतात.

दुसरा प्रवासी विल्यम लीस्ट हीट-मून. १९७८च्या फेब्रुवारीत शिक्षकाची नोकरी गेली, पत्नीशी दुरावा आलेला. मिसूरी राज्यातून एक व्हॅन घेऊन तो निघाला आणि १३,००० मैलांचे वर्तुळ पुरे करून परत आला. जुन्या नकाशांत मुख्य रस्ते लाल आणि आडरस्ते निळ्या शाईत छापत, म्हणून १९८२च्या त्याच्या पुस्तकाचे नाव 'ब्लू हायवेज'. शहर टाळून हिंडण्याची आजची जी हौस आहे, तिचे पुष्कळसे श्रेय या पुस्तकाकडे जाते.

आता आमच्या मार्गाकडे येतो. आम्ही निवडला तो २ क्रमांकाचा रस्ता. मिशिगनच्या सेंट इग्नेसपासून वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटपर्यंत सुमारे २,१०० मैल, आणि त्यात म्हणण्यासारखे मोठे शहर एकच, स्पोकेन, तेही आपल्या उज्जैनपेक्षा लहान. आखणी करताना जावयांनी काही नियम केले. ते अनुभवाने पटले, म्हणून नोंदवतो. दिवसाला दोनशे मैलांच्या वर जायचे नाही आणि तीन वाजण्याच्या आत तळ गाठायचा, कारण अंधारात इतके लांब वाहन मागे घेणे जिवावर येते. गाडीची उंची आणि लांबी कागदावर लिहून चालकासमोर चिकटवायची. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरी रस्त्याच्या चढावर २१ फुटांहून लांब गाडी जाऊच देत नाहीत, म्हणून आर.व्ही.वाल्याने २ क्रमांकावरूनच मरायस खिंड ओलांडायची. मॅकिनॉ सामुद्रधुनीवर १९५७ साली झालेला पाच मैलांचा पूल आहे. वारा फार असला की तेथे उंच गाड्यांना थांबवतात किंवा सोबत करून नेतात, म्हणून निघण्याआधी वाऱ्याची चौकशी करायची. गोड्या पाण्याची टाकी कुठे भरायची आणि सांडपाण्याची कुठे रिकामी करायची, हे दर तीन दिवसांच्या हिशेबाने आधी ठरवायचे. आणि आपल्या वयाच्या लोकांसाठी शेवटचा नियम : शहर टाळा, पण कोणत्या गावात रुग्णालय आहे त्यावर नकाशात खूण करा. मधुमेहाची औषधे थंड राहिली पाहिजेत आणि फ्रीज बंद पडला तर काय, याचाही विचार आधी हवा.

नकाशावरच्या क्रमांकांचीही एक खूण सांगतो. इंटरस्टेटचा क्रमांक तीन आकडी असेल आणि पहिला आकडा सम असेल, तर तो रस्ता बहुधा शहराला वळसा घालतो. पहिला आकडा विषम असेल तर तो शहरात घुसतो. पुष्कळ चुका या एका खुणेने टळतात.

मोंटानात हा रस्ता दिवसचे दिवस लोहमार्गाशेजारून जातो. तो 'ग्रेट नॉर्दर्न' या कंपनीचा, १८९३ साली पुरा झालेला. गावांची नावे मॉल्टा, ग्लासगो, हॅवर अशी. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागे, म्हणून ठरावीक अंतरावर स्टेशन, आणि स्टेशनाभोवती गाव. धान्याची उंच कोठारे दहा मैलांवरून दिसतात. प्रवासी म्हणतो, 'काय मोकळा मुलूख!' पण हा मुलूख मोकळा करून घेतलेला आहे. मिसूरी नदीच्या उत्तरेचा विस्तीर्ण प्रदेश ब्लॅकफीट, असिनिबोइन, ग्रो व्हाँत्र, सू या लोकांचा होता. १८८८ साली तो तोडून तीन लहान राखीव मुलूख ठेवण्यात आले आणि बाकीचा रेल्वेला व वसाहतीला खुला झाला. आजही २ क्रमांकाचा रस्ता त्या तिन्ही राखीव मुलखांतून जातो. पाट्या वाचल्या तर कळते, नाही तर निघून जाते.

आता दुसरा प्रश्न. मोंटानातल्याच एका छोट्या गावात दुपारी चहासाठी गाडी थांबवली. एकच खाणावळ, बाहेर चार पिकअप ट्रक. सौ. खाली उतरेना. म्हणाली, "इथं नको. पुढच्या मोठ्या गावात उतरू."

मी म्हटले, "अगं, मोठी गावं टाळायची म्हणून तर आलो!"

ती म्हणाली, "तुम्ही टाळा. मला मोठ्या गावात बरं वाटतं. तिथं आपल्याकडे कोणी बघत नाही."

जावई हसले नाहीत. त्यांनी सांगितले की नोकरीच्या पहिल्या वर्षी ते एकटे अशा रस्त्याने निघाले होते, तेव्हा पेट्रोल कुठे भरायचे याचाही आधी विचार करीत. मग त्यांनी 'ग्रीन बुक'चे नाव घेतले.

ही पुस्तिका न्यूयॉर्कच्या हार्लेममधील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाल्याने १९३६ साली काढली. कृष्णवर्णीय मोटारचालकाला कोणत्या गावी उतरता येईल, कोठे जेवण मिळेल, कोण गाडी दुरुस्त करून देईल, याची ती यादी होती. सुरुवातीला न्यूयॉर्कपुरती, मग देशभराची. 'एस्सो'च्या पेट्रोलपंपांवरही ती मिळे. ग्रीन १९६० साली वारले. पुस्तिका १९६६-६७पर्यंत निघत राहिली. या पुस्तिकेची गरज उरणार नाही असा दिवस यावा, अशी इच्छा तिच्या प्रस्तावनेतच व्यक्त केलेली होती. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेल व खाणावळीत वर्णभेद बेकायदा ठरला, तेव्हा त्या दिवसाकडे पहिले मोठे पाऊल पडले.

ही पुस्तिका अशा प्रवाशासाठी होती, की ज्याला आडगावाचीच भीती होती. अंधार पडण्यापूर्वी कृष्णवर्णीयाने गाव सोडले पाहिजे, असा दंडक असलेली गावे देशात होती. त्यांना 'सनडाउन टाउन' म्हणत. जेम्स लोवेन या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि दाखवून दिले की अशी गावे दक्षिणेपेक्षा उत्तरेत आणि पश्चिमेत अधिक होती. म्हणजे ज्या भागात आज आपण शांततेसाठी जातो, तेथेच. ज्या काळात गोरे कुटुंब शहर टाळण्याचा मार्ग आखीत होते, त्याच काळात कृष्णवर्णीय कुटुंब तोच नकाशा घेऊन अंधार पडायच्या आत शहर कसे गाठता येईल, हे पाहत होते.

हे परक्यांचे दुखणे, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. आमचा रस्ता जेथे संपला त्या एव्हरेटची गोष्ट मला परत आल्यावर वाचायला मिळाली. १९०७च्या सप्टेंबरात त्याच राज्यातल्या बेलिंगहॅम गावात जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना, बहुतेक पंजाबातल्या शिखांना, घरांतून ओढून गावाबाहेर घालवले. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एव्हरेटनेही आपल्याकडच्या हिंदी मजुरांना तसेच हुसकले. आम्ही चौघांनी त्या गावाच्या वेशीवर, रस्ता संपला म्हणून, हसत फोटो काढला होता.

तेव्हा सौ.चे म्हणणे मला नव्याने कळले. वाचकहो, आपणही पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेली माणसे. आपले पूर्वज सेंधव्याचा घाट चढून, नर्मदा उतरून माळव्यात आले. फौजेबरोबर आले, पौरोहित्याला आले, दरबारच्या कारकुनीला आले. ते माळव्याच्या खेड्यापाड्यांत एकेकटे विखुरले नाहीत. बहुतेक राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत एकमेकांना धरून राहिले. परक्याला शहर आसरा देते, कारण तेथे तो एकटाच परका नसतो. शहर सापळाही होतो, हे खरे. वरसईचे गोडसे भटजी १८५८च्या वेढ्यात झाशीत अडकले आणि लुटले जाऊन कसेबसे बाहेर पडले, हे आपण त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये वाचले आहे. पण रस्त्यावरून निघालेल्या माणसाला शेवटी हा हिशेब करावाच लागतो : आसरा कोठे, आणि धोका कोठे? शहर टाळणे ही हौस त्यालाच करता येते, ज्याला गावात उतरताना विचार करावा लागत नाही.

मग त्या दुपारी काय झाले? सौ. उतरली. खाणावळीत तिघे शेतकरी बसले होते. त्यांनी पाहिले आणि पुन्हा गव्हाच्या भावाकडे वळले. वाढणाऱ्या बाईने चहा आणला, तो कोमट होता. सौ.ने खुणेने सांगितले, तिने तो पुन्हा गरम करून आणला आणि दूध वेगळे ठेवले. निघताना तिने विचारले, 'कुठून आलात?' जावई म्हणाले, 'मिशिगनहून.' ती म्हणाली, 'बापरे, लांबून आलात!' एवढेच. काहीही झाले नाही. ग्रीन यांच्या पुस्तिकेला तीस वर्षे एवढेच हवे होते, की गावात उतरावे, चहा घ्यावा, आणि काहीही होऊ नये.

तेव्हा आपण असा मार्ग आखायला बसाल, तर जरूर आखा. २ क्रमांकाचा रस्ता घ्या, रोज थोडे चाला, गावातल्या खाणावळीत थांबा, चार पैसे तेथे खर्च करा. नकाशात जेथे काही छापलेले नाही, ती जागा रिकामी आहे असे मानू नका. आणि गाडीतले एखादे माणूस 'इथं नको' म्हणाले, तर त्याला हसू नका. त्याचाही एक नकाशा असतो.

आमचा मार्ग एव्हरेटला संपला, पण गाडी परत करायची होती ती सिएटलमध्ये. मोठे शहर शेवटी टळले नाहीच. जावयांनी गाडी परत केली, कागदांवर सह्या झाल्या आणि आम्ही जेवण शोधत निघालो. कोपऱ्यावर एक हिंदी किराणा दुकान होते. आत लाल तिखट, पोहे, मेतकूट. सौ. दारातच क्षणभर थांबली, मग आत जाऊन तिने पोह्यांचे पाकीट उचलले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आता कुठं दोन आठवड्यांनी मोकळं वाटलं बघा."